तळ्यासाठी कोर्टाची पायरी

जळगावहून भुसावळकडे निघालात की दहाएक किलोमीटरवर नशिराबाद लागते. हमरस्ता आता चौपदरी झाला, टोलनाका आला, आणि गाडी भर्रकन पुढे निघून जाते. तरीही वाचकहो, एकदा येथे मुद्दाम उतरा. गाव मोठे आहे, जुने आहे. भादलीचे रेल्वे स्टेशन जवळच. बहिणाबाईंचे आसोदेही याच टापूत. भोवती काळी कसदार जमीन, केळीच्या बागा आणि कपाशीची शिवारे. खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला येथे परके वाटू नये असे हे गाव.

पण आज तुम्हांला येथे उतरवले ते शेती दाखवायला नव्हे, पाणी दाखवायला.

पूर्वेला साकेगावच्या अंगाने गेलात की वाघूर नदी आडवी येते. पावसाळा सोडला तर हिचे रूप काही मोठे नाही. पण हिचे कूळ पाहा. अजिंठ्याच्या डोंगरात ही घोड्याच्या नालासारखे वळण घेते आणि त्या वळणावरच्या कड्यात जुन्या कारागिरांनी लेणी कोरली. तेथून पहूरवरून ती खाली येते. वाटेत तिच्यावर धरण आहे. त्या धरणाच्या जलाशयातून जळगाव शहराला पिण्याचे पाणी जाते. उरलेली वाघूर पुढे तापीला मिळते. म्हणजे लेणी कोरणाऱ्यांची तहान ज्या नदीने भागवली, तिचेच पाणी आज जळगावच्या घराघरांतल्या माठात आहे.

गावाला शीव असते, तालुक्याला हद्द असते, पाण्याला मात्र दोन्ही नसतात. वरच्या गावाने पाय धुतले की खालच्या गावाने त्याच पाण्याने तोंड धुवायचे, असा हा न्याय आहे. श्रावणात आपल्याकडे कानबाई बसते. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला पाण्यावर नेतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला नेतो तेही पाण्यावरच. माणूस गेला की त्याची राख घेऊन जातो तेही पाण्यावर. आपले सुख, सण आणि शेवट असे तिन्ही ज्याच्या काठावर होतात, ते पाणी कसे आहे हे आपण कधी वाकून पाहतो का?

आता नशिराबाद बाजूला ठेवा आणि तुमच्या स्वतःच्या गावचे तळे डोळ्यांपुढे आणा. पाझर तलाव असेल, गावतळे असेल, धरणाचा फुगवटा असेल. त्यावर हिरवी साय धरली आहे का? सकाळी पांढरा फेस दिसतो का? उन्हाळ्यात मासे पोट वर करून तरंगतात का? ढोरे पाण्याला तोंड लावून मागे सरतात का? तसे असेल तर गावात चर्चा झालीच असेल. पारावर झाली असेल, लग्नाच्या पंगतीत झाली असेल. "काहीतरी केले पाहिजे," असे सगळेच म्हणाले असतील. पण तारीख घालून, सही करून, कागदावर कुणी लिहिले का? बहुतेक गावांत याचे उत्तर 'नाही' असे येते.

याचे कारण आपल्या सर्वांना लहानपणापासून शिकवलेली एक म्हण आहे : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

म्हण खोटी नाही. हातभर बांधासाठी तीन पिढ्या तारखा करणारी आणि शेवटी तो बांधच विकून वकिलाची फी देणारी घरे आपण पाहिली आहेत. भावकीच्या भांडणात ही म्हण सोन्यासारखी आहे. पण तळे काही भावकीचे नसते. ते कुणा एकाचे नसते, म्हणून त्याच्यासाठी भांडायला कुणी एक पुढे येत नाही. बांध सरकला तर त्याचा मालक ओरडतो. तळे नासले तर कुणी ओरडायचे? तळ्याला तोंड नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कायद्याने तुम्हां-आम्हांला दिला आहे, आणि तो बजावायला शेत, सातबारा किंवा वकिलीची सनद यांतले काहीही लागत नाही. हे कसे घडते ते पाहायला एक दिवस मोडा आणि माझ्याबरोबर शेजारच्या जिल्ह्यात चला.

नशिराबादहून निघालो की भुसावळ, मुक्ताईनगर, मलकापूर असा सरळ रस्ता आहे. मुक्ताईनगरला मुक्ताईचे दर्शन घ्यावे. मलकापूरला खानदेश मागे पडतो आणि वऱ्हाड लागते. तेथून मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाणा. पुढे चिखली, मेहकर आणि सुलतानपूरवरून लोणार. एस. टी.ने गेलात तर गाड्या बदलाव्या लागतात, तेव्हा भाकरी बांधून पहाटेच निघावे.

लोणारला पोचल्यावर काठावर उभे राहून खाली पाहिले की क्षणभर बोलणे सुचत नाही. आकाशातून आलेली उल्का आदळून झालेला हा खड्डा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. काळ्या बसाल्टच्या खडकात उल्केने केलेले असे तळे जगात फार दुर्मीळ. तळाशी पाणी आहे, पण ते खारट व खारयुक्त आहे, तोंडात घालण्याजोगे नाही. अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथातही लोणारचा उल्लेख काच व साबण यांना लागणाऱ्या खाराचे ठिकाण म्हणून येतो. काठावर धारेचे गोडे पाणी अखंड वाहते, तळाशी कमळजादेवीचे देऊळ आहे, गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे. पाहण्यासारखे पुष्कळ आहे, सवडीने पाहा.

आपले काम मात्र दुसरेच आहे. काठावरून वळून गावाकडे पाहा. गाव उंचावर, तळे खोलात. पाण्याचा स्वभाव उताराकडे जायचा. गावची लोकवस्ती वाढली तशी गटारे वाढली, आणि सांडपाणी तळ्याकडे धावू लागले. त्यात धुणे, अंघोळी, पूजेचे निर्माल्य आणि काठालगतची बांधकामे यांची भर पडली. हजारो वर्षे जपले गेलेले पाणी आपल्या डोळ्यांदेखत नासू लागले. हे पाहून हळहळणारे पुष्कळ होते. २००९ साली काही नागरिकांनी हळहळ बाजूला ठेवली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली.

जनहित याचिका म्हणजे काय? साध्या दाव्यात 'माझे नुकसान झाले' असे सांगावे लागते. जनहित याचिकेत 'सगळ्यांचे नुकसान होत आहे' असे सांगता येते. तळे स्वतःच्या मालकीचे नसले तरी चालते. १९८०च्या सुमारास न्यायमूर्ती कृष्ण अय्यर, न्यायमूर्ती भगवती यांच्यासारख्या न्यायाधीशांनी सर्वोच्च न्यायालयाचे हे दार गरिबांसाठी किलकिले केले, ते पुढे पुरते उघडले.

लोणारच्या याचिकेचे पुढे काय झाले? एका तारखेत निकाल लागला आणि तळे स्वच्छ झाले, असे मुळीच नाही. न्यायालयाने सरकारी खात्यांना एकामागून एक प्रश्न विचारले. सांडपाणी कुठे जाते? ते अडवायची योजना कुठे आहे? अतिक्रमणांचे काय? काठावर माजलेल्या वेड्या बाभळीचे काय? प्रत्येक प्रश्नाला खात्यांना शपथेवर उत्तर द्यावे लागले. एरवी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना जो कागद हरवतो, तो न्यायालयापुढे हरवत नाही. याचिकेचा खरा उपयोग हाच.

मग आला २०२० चा जून महिना. टाळेबंदीचे दिवस होते. अचानक लोणारचे पाणी गुलाबी झाले. देशभर बातमी गेली. कुणी म्हणे कोप झाला, कुणी म्हणे विष पडले. याचिका अकरा वर्षांनंतरही जिवंत होती, म्हणून न्यायालयाने त्याच याचिकेत विचारणा केली. पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी हा रंग धरला, असे निदान झाले. काही काळाने रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला पाणथळ जागांच्या 'रामसर' या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर महाराष्ट्रातून या यादीत पहिले गेले, लोणार दुसरे.

लोणारच्या काठावरून दोन गोष्टी गाठीला बांधून घ्या. एक : भांडणारे तळ्याचे मालक नव्हते. दोन : काम दहा-दहा वर्षे चालते, तेव्हा एकट्याने लढू नये. एक थकला तर दुसऱ्याने कागदाची पिशवी उचलावी.

आता तुम्ही म्हणाल, लोणार जगप्रसिद्ध आहे. आमच्या गावतळ्यासाठी हायकोर्टात कोण जाणार? बरोबर आहे. हायकोर्ट ही वरची पायरी झाली. खालच्या पायऱ्या तुमच्या गावातच सुरू होतात, आणि पुष्कळ वेळा काम तेथेच होते. यासाठी मध्य प्रदेशातल्या रतलामची गोष्ट सांगतो.

रतलामच्या एका वस्तीतून उघडी गटारे वाहत होती आणि मद्यार्काच्या कारखान्याचे दुर्गंधी पाणी रस्त्यावर येत होते. नगरपालिका ऐकेना. तेव्हा तेथल्या रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ काढले आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार या कलमाने दंडाधिकाऱ्यांना आहे. हुकूम झाला. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८० साली न्यायालयाने सांगितले की पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला तिच्या कर्तव्यातून सोडवू शकत नाही. वस्तीतल्या साध्या माणसांचा एक अर्ज साऱ्या देशाचा दाखला झाला.

हे कलम आजही आहे, फक्त त्याचा क्रमांक बदलला. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम १५२ आहे. अर्ज आपल्या प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा.

पण अर्ज कसला करायचा आणि कशाच्या जोरावर? येथेच गावातल्या स्वयंसेवकांचे काम सुरू होते. गावात वकील नसेल तर अडत नाही. नीट अक्षराचा एक मुलगा, कागद जपणारी एक बाई आणि ज्याच्या शब्दाला मान आहे असा एक वडीलधारा, एवढी तीन माणसे पुरतात. त्यांनी काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिले, तळे कुणाचे आहे ते काढा. तलाठ्याकडचा उतारा पाहा. काही तलाव ग्रामपंचायतीचे असतात, काही जिल्हा परिषदेचे, काही पाटबंधारे खात्याचे. चुकीच्या दारात वर्षभर उभे राहण्यापेक्षा आधी बरोबर दार शोधावे.

दुसरे, एक नोंदवही घाला. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे, पाणी कोणत्या नाल्यातून येते, त्या दिवशी पाऊस होता की नाही, सगळे लिहा. आता घरोघरी मोबाइल आहे, फोटो काढा. जनावर दगावले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला त्याच दिवशी घ्या. पाच माणसांच्या सह्यांचा पंचनामा करा. "पाणी फार घाण आहे" या वाक्याला कचेरीत किंमत नाही. "अमुक तारखेला सकाळी सहाला अमुक नाल्यातून काळे पाणी आले, हे पाहा" या वाक्याला आहे.

तिसरे, विषय ग्रामसभेत घ्या आणि ठराव करून घ्या. एकट्याचा अर्ज म्हणजे तक्रारखोर माणूस, ठरावासह अर्ज म्हणजे गाव. गाव करी ते राव न करी, हे आपण म्हणतोच.

चौथे, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहा. पाण्याच्या बाबतीत आपले राज्य पुढे होते. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी हे मंडळ स्थापन झाले. देशाचा कायदा १९७४ साली आला. नदी-तळ्यात किंवा विहिरीत विषारी व दूषित पदार्थ जाणूनबुजून सोडायला त्याच्या कलम २४ने मनाई आहे. मंडळाचे कार्यालय जळगावातही आहे. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या, शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न पेरलेले बियाणे.

येथे एक बारकावा आहे. तुम्ही बाटलीत भरून नेलेले पाणी तपासायला चांगले, पण कायद्याच्या पुराव्याला ते पुरत नाही. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यावा लागतो. ज्याचे सांडपाणी आहे त्याला तेथल्या तेथे नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, मोहोरबंद करून सह्या घ्यायच्या, अशी रीत कलम २१मध्ये सांगितली आहे. म्हणून अर्जात नुसती तक्रार लिहू नका. "येऊन रीतसर नमुना घ्यावा" अशी मागणी लिहा.

पाचवे, माहितीचा अधिकार वापरा. २००५ सालच्या या कायद्याने दहा रुपयांत अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. एखाद्या कारखान्याला मंडळाने जी संमती दिलेली असते तिची प्रत मागा. किती पाणी सोडायचे, कसे शुद्ध करून, कुठे सोडायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. मग आपली नोंदवही त्या कागदाशेजारी ठेवा. खोटे कुठे आहे ते आपोआप दिसते.

एवढे करून हाती काही लागले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. वर्तमानपत्रे त्याला हरित लवाद म्हणतात. २०१० च्या कायद्याने ते झाले आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये. वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. मात्र मुदतीवर लक्ष ठेवा : वादाचे कारण प्रथम घडले तेथून सहा महिन्यांत अर्ज गेला पाहिजे. भरपाईसाठी पाच वर्षे मिळतात. भरपाई कशाची मागता येते याची यादी कायद्याला जोडली आहे. तिच्यात दुभती आणि ओढकामाची जनावरे आहेत, मासे आहेत, पिके, भाजीपाला आणि फळबागाही आहेत. म्हणजे विषारी पाण्याने बैल दगावला किंवा केळीची बाग बसली तर तो नुसता नशिबाचा खेळ नव्हे, कायद्याच्या यादीतले नुकसान आहे.

त्यापुढे उच्च न्यायालय. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणून ते नागपूरकडे गेले.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले सर्व यांना तेथे वकील फुकट मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. समितीने शिकवलेले विधी स्वयंसेवक असतात. ते वकील नसतात, पण अर्ज कसा लिहावा, कुठे द्यावा हे सांगतात. गावातल्या शिकलेल्या मुली-मुलांनी हे शिक्षण जरूर घ्यावे. घरच्या बाईच्या नावाने अर्ज दिला तर उत्पन्नाची अटही आड येत नाही. शिवाय पाणी भरणाऱ्या बाईइतके पाण्याचे दुखणे कुणाला कळते?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तिच्यावर सगळे अवलंबून आहे. हात स्वच्छ हवेत. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे वाक्य आजही जागोजागी सांगितले जाते. पण ज्या याचिकेत ते सांगितले ती याचिका मात्र न्यायालयाने फेटाळली. बोकारो नदीत कोळसा धुतलेले पाणी सोडतात अशी ती तक्रार होती. अर्जदाराचा स्वतःचाच स्वार्थ तिच्या आड आहे असे न्यायालयाला दिसले आणि वर खर्चाचा भुर्दंड बसला. तेव्हा निवडणुकीतला राग, कारखान्याशी फिसकटलेला ठेका, भावकीचे वैर, असले काही तळ्याच्या नावावर काढू नका. तळे बदनाम होते, आणि पुढे खऱ्या तक्रारीलाही कुणी विचारीत नाही.

हात स्वच्छ म्हणजे आणखीही एक. नाल्याच्या वरच्या टोकाला प्रत्येक वेळी कारखानाच सापडेल असे नाही. तेथे आपणच सापडू. फवारणीचा पंप तळ्यात धुतो तो आपला गडी. औषधाची रिकामी बाटली पाण्यात भिरकावतो तो आपला मुलगा. गावचे गटार तळ्याला जोडले ते आपल्याच ग्रामपंचायतीने. प्लास्टर ऑफ पॅरिसचा गणपती सोडतो तोही आपणच. आणि खत? अमेरिकेत टोलेडो नावाचे शहर ईरी सरोवराचे पाणी पिते. शेतांतून वाहून आलेल्या खताने सरोवरात विषारी शेवाळ माजले आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये पाच लाखांच्या आसपास लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. चिडलेल्या शहराने २०१९ साली मतदान घेऊन सरोवरालाच हक्क देणारा नियम केला. शेतकऱ्यांना धास्ती पडली, कुणीही उठून आमच्यावर दावा लावील! एका शेतकरी कुटुंबाने न्यायालय गाठले आणि २०२० साली तो नियम रद्द झाला. शेतकरी जिंकला, पण शेवाळ हरले नाही. यातून आपण घ्यायचे ते एवढेच की शहराने आपल्यावर बोट दाखवण्याची वेळ येऊ देऊ नये. जळगाव जिल्ह्याने ठिबकचे पाणी आणि ठिबकचे खत देशाला दाखवले. मुळाशी घातलेले खत तळ्यात जात नाही आणि पैसाही वाचतो.

आणि शेवटची अडचण, जी कुठल्याच कायद्यात लिहिलेली नसते. ज्या कारखान्याचे पाणी तळ्यात येते, त्याच कारखान्यात गावची चार पोरे कामाला असतात. अर्जावर सही करायची म्हणजे पुतण्याच्या पगारावर पाय द्यायचा, असे घरात बोलले जाते. हे दुःख खरे आहे. त्याला हसू नये. अशा वेळी आधी कारखानदाराशी गावाने एकत्र बसून बोलावे आणि बोलणेही लिहून ठेवावे. मागणी 'बंद करा' अशी नसावी, 'पाणी शुद्ध करून सोडा' अशी असावी. संमतीच्या कागदात त्याने हेच कबूल केलेले असते. त्याने कबूल केलेले मागणे म्हणजे वैर नव्हे. आणि गावातल्या सगळ्या घरांच्या सह्या असल्या म्हणजे कुणा एकाच्या पुतण्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

तळे राखी तो पाणी चाखी, असे आपले लोक म्हणत आले. म्हणताना थोडे डोळे मिचकावत, कारण राखणारा आधी आपली ओंजळ भरून घेतो असा तिचा अर्थ. आता दिवस असे आले आहेत की कुणी राखलेच नाही तर चाखायला कुणालाच उरणार नाही. येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा : आपल्या तळ्याची नोंदवही कुणाकडे आहे? कुणाकडेच नसेल तर त्याच सभेत तिघांची नावे ठरवा, शंभर पानी वही आणा आणि पहिल्या पानावर त्या दिवशीची तारीख घाला.